रजेवरचे स्टेशनमास्तर

"स्टेशनमास्तर कुठेयत?" मी विचारलं.

"रजेवर," आत्या म्हणाली आणि तिनं फलाटावर जोरात फुंकर मारली. सगळी धूळ थेट माझ्या तोंडात.

फलाट माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब होता. त्यामागे पुठ्ठ्याचं स्टेशन, त्यावर आगकाड्यांचं छप्पर आणि एक पाटी: बाभूळवाडी. फलाटावर अर्ध्या करंगळीएवढी माणसं उभी होती. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल, किटलीवाला, गाठोड्यावर बसलेली बाई आणि एक शेपूट तुटलेलं कुत्रं. फक्त ऑफिसच्या दारासमोर कुणीच नव्हतं. तिथे वाळलेल्या गोंदाचा एक पिवळा ठिपका होता.

"किती दिवसांची रजा?"

"बारा वर्षं झाली."

"बारा वर्षं! पगारी की बिनपगारी?"

"वैद्यकीय," आत्या म्हणाली. "फडकं दे."

ही दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. तेव्हा मी आठवीत होते. आता दहावीत आहे, म्हणजे बऱ्यापैकी म्हातारी झालेय, त्यामुळे सांगायला हरकत नाही. त्या वर्षी सहामाहीच्या आधी मी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली आले होते. त्यापूर्वी मी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा बाकाकडे बघायचे. पण स्टेजवर जाऊन ढाल घेतली, माइकवर चार वाक्यं बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग मी थांबेचना. बाबा म्हणायचे, "गळका नळ दुरुस्त करायला गेलो आणि तोटीच हातात आली." आत्या मला 'शास्त्रज्ञबाई' म्हणायला लागली. कौतुकानं नव्हे, हे तुम्हाला तिचा चेहरा बघितल्यावर कळलं असतं.

वैजूआत्या ही बाबांची धाकटी बहीण. आमच्याच घरात वरच्या खोलीत राहते आणि कुर्डुवाडीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. "बार्शीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे" असं सांगणारा आवाज असतो ना, तो तिचा. घरीही ती त्याच आवाजात बोलते. "वहिनी, भात लागत आहे!" आणि एवढी पक्की एसटीची बाई लहानपणापासून रेल्वेच्या नादी. बाबांच्या हातात हे आयतंच सापडलेलं. "मीठ एसटीचं आणि गुण रेल्वेचे!"

मला मात्र एवढंच माहीत होतं, की माळ्यावर आत्याचं 'काहीतरी रेल्वेचं' जुन्या साड्यांत गुंडाळून ठेवलंय आणि त्याला हात लावायचा नाही. ते खाली आलं येमुलकाकांमुळे. येमुलकाका सोलापूरचे. दुकानात यंत्रमागाचे सुटे भाग विकतात आणि दुकानामागच्या खोलीत छोट्या गाड्या चालवतात. नवरात्रात त्यांचा फोन आला. त्यांच्यासारख्या बारा जणांनी प्रत्येकी एक पाच फुटी फळी घ्यायची, त्यावर आपापलं गाव आणि रूळ करायचे आणि एका शाळेच्या हॉलमध्ये त्या बारा फळ्या एकापुढे एक जोडायच्या, असं ठरलं होतं. म्हणजे गाडी या टोकाला सुटली की बारा गावांतून त्या टोकाला जाणार. पण एक जण ऐन वेळी गळला होता.

"अकरा फळ्या तयार आहेत बाई. बारावी तुमची. भाऊबीजेनंतरचा रविवार," काका म्हणाले.

आत्या तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा काका म्हणाले, "बरं, तुम्ही येऊ नका. तात्यांच्या इंजिनाला तरी पाठवा." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाबांना शिडी धरायला लावली.

तात्या म्हणजे माझे आजोबा. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. मी जन्मायच्या आधीच गेले. बार्शी लाइनवर जी छोटी इंजिनं धावायची, त्यातल्या एकाची त्यांनी पितळी पत्र्यातून हुबेहूब नक्कल केली होती. माझ्या तळहातावर मावेल एवढी. चिमणी, घंटा, कोळशाची पेटी, सगळं. आत एक इवलीशी परदेशी मोटर होती. ती आत्यानं पहिल्या बोनसमधून पुण्याच्या एका हौशी डॉक्टरांकडून आणली होती.

"पाच फूट," आत्या इंजिन पुसत म्हणाली. "हे जन्मभर पाच फूट पुढे गेलंय आणि पाच फूट मागे आलंय. तात्या म्हणायचे, वैजू, याला एकदा तरी लांब पाठव गं. रविवारी साठ फूट जाईल."

एरवी आत्या टोमणा मारल्याशिवाय वाक्य संपवत नाही. हे तिनं तसंच संपवलं.

येमुलकाकांनी नवीन पद्धतीचा कंट्रोलचा डबा एसटीच्या पार्सलनं पाठवला. आत्यानं वेष्टन सुरीनं हळूहळू कापलं, दोरीची गुंडाळी करून ठेवली आणि चष्मा लावून आतले कागद शोधायला लागली.

"कागद कशाला?" मी म्हटलं. "हल्ली कागद कोण वाचतं? मी काल एका दिवसात चौदा व्हिडिओ बघितलेत. विचार काय ते."

"ज्यांना गाडी चुकवायची नसते, ते कागद वाचतात. बरं, सांग शास्त्रज्ञबाई. बारा वर्षांत काय काय झालं?"

"आधी तू सांग. तुझ्या काळी कसं होतं?"

"माझ्या काळी!" आत्यानं डोळे मोठे केले. "माझ्या काळी डायनासोर डबे ओढायचे. एक काळा डबा होता, त्याला गोल बटण. फिरवलं की रुळांत करंट. जास्त फिरवलं की गाडी जोरात."

"आणि रुळावर दोन गाड्या असल्या तर?"

"दोन्ही जोरात."

"म्हणजे आईला हाक मारली की सगळ्या घरानं उठायचं! आता तसं नाही. आता रुळांत करंट कायम भरलेला असतो. प्रत्येक इंजिनात एक चिप, चिपला नंबर. आपण नंबर पुकारायचा, तेवढंच इंजिन हलतं. बाकीची गप उभी."

आत्यानं जरा विचार केला. "म्हणजे स्टँडसारखं. सगळ्या गाड्या उभ्या, मी पुकारेन ती हलणार."

"अगदी बरोबर!"

"मग यात नवीन काय? मी एकवीस वर्षं डिजिटल आहे."

तिला कशाचंच आश्चर्य वाटायचं नाही, असं तिनं ठरवलंच होतं. मी सांगितलं, आता लाकडाचा भुसा हिरवा रंगवून गवत करत नाहीत. एक यंत्र असतं, त्यानं गवताची काडी न् काडी उभी राहते. आत्या म्हणाली, "उभी राहते? का, कोण आलंय?" मी सांगितलं, आता छोटे बल्ब कुणी वापरत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच बाभूळवाडीत लोड शेडिंग आहे." पण मी जेवायला खाली गेले, की ती माझा फोन घेऊन ते गवताचे व्हिडिओ परत परत बघायची. मी जिन्यातून दोनदा पकडलं.

एक गोष्ट मात्र तिला खरंच नवीन होती. इंजिनाच्या पोटाखालचा स्क्रू काढायला ती बसली आणि पंधरा मिनिटं तिचा पेचकस नुसता भोवती फिरत राहिला.

"हल्ली स्क्रू लहान करायला लागलेत," ती म्हणाली.

"आत्या, तो तोच स्क्रू आहे. तात्यांनी लावलेला."

"मग तात्यांनी लहान लावला असेल." तिनं पेचकस माझ्या हातात दिला. "घे. डोळे तुझे, अक्कल माझी."

फळी हळूहळू जिवंत झाली. अंगणातल्या माझ्या किल्ल्यासाठी पेरलेलं अळीव मी थोडं उपटून पुलाखाली लावून बघितलं, पण ते झाडांपेक्षा उंच दिसायला लागलं. मग ऑफिसपुढचा तो पिवळा ठिपका मला बघवेना.

"स्टेशनमास्तर नवीन छापून मिळतो आता. थ्रीडी. तुझा फोटो दिला तर तुझ्याच तोंडाचा."

"जागा रिकामी नाही. माणूस रजेवर आहे."

मी गुपचूप किल्ल्यावरचा एक मावळा आणून तिथे उभा केला. तो स्टेशनच्या छपरापर्यंत पोहोचला. हातात भाला.

आत्यानं त्याला चष्म्यावरून न्याहाळलं. "हा गाडीला झेंडा दाखवणार की गाडी लुटणार?"

ठरलं असं, की शनिवारी येमुलकाका येऊन इंजिनात चिप बसवतील. तोपर्यंत तात्यांचं इंजिन फक्त जुन्या काळ्या डब्यावर चालवायचं, नव्यावर नाही. आत्यानं हे मला दोनदा सांगितलं. एकदा तर स्टँडच्या आवाजात.

गुरुवारी भाऊबीज होती. भाऊबीजेला स्टँडवर काय गर्दी असते विचारू नका, आत्या पहाटेच ड्यूटीवर गेली. संध्याकाळी येऊन बाबांना ओवाळणार होती. दुपारी मी वर एकटी होते, आणि मला एक भारी कल्पना सुचली. तात्यांचं इंजिन नव्या डब्यावर चालतंय असा व्हिडिओ काढायचा आणि आत्या आली की ताटाबरोबर तिच्यासमोर धरायचा! चिप नव्हती, मान्य. पण नवव्या व्हिडिओत त्या माणसानं सांगितलं होतं, की चिप नसलेलं जुनं इंजिन शून्य नंबर देऊन चालवता येतं. आत्याला हे कुठे माहीत होतं?

मी नवा डबा जोडला. इंजिन रुळावर ठेवलं. आणि ते गायला लागलं.

खरंच सांगते. जागेवर उभं राहून ते बारीक सूर काढायला लागलं. डासापेक्षा जाड, मिक्सरपेक्षा बारीक. मी शून्य दाबलं, बटण फिरवलं, इंजिन पाच फूट गेलं, पाच फूट आलं. थांबलं. पण गाणं चालूच! मी आनंदानं वेडी झाले. लगेच सानियाला फोन लावला. ती माझी मैत्रीण, विज्ञान प्रदर्शनातली जोडीदारीण.

"सानिया, ऐक, ऐक! आमच्या आजोबांचं इंजिन गातंय!"

"काय? आवाज तुटतोय तुझा!"

आमच्या वरच्या खोलीत रेंज नाही. म्हणून मी गच्चीवर गेले. तिला इंजिनाचं सांगितलं. मग तिनं तिच्या नव्या ड्रेसचं सांगितलं. मग आम्ही वर्गातल्या सगळ्यांच्या ड्रेसचं बोललो. दहा मिनिटं. फार तर वीस.

परत आले तर गाणं थांबलं होतं. खोलीत एक वास होता. फटाक्यांचा नव्हता. मी इंजिन उचलायला गेले आणि बोट चरकलं. ते इस्त्रीसारखं तापलं होतं. डबा बंद केला, फुंकर मारली, थोड्या वेळानं जुन्या काळ्या डब्याला जोडून बघितलं. काही नाही. परत बघितलं. काही नाही.

मग मी ते केलं जे आधी करायचं होतं. पार्सलच्या खोक्यातलं थर्माकोल उचललं. त्याखाली येमुलकाकांच्या अक्षरात एक कागद होता. 'चिप नसलेले इंजिन नव्या रुळावर उभे ठेवू नये. गुणगुणते. नंतर मोटर जळते.' गुणगुणतेखाली दोन रेघा होत्या.

माझ्या विज्ञानाच्या ढालीची शपथ, मला ते कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. मी इंजिन कापसात गुंडाळून त्याच्या पेटीत ठेवलं. खिडक्या उघडल्या. वास जाईना, म्हणून देवघरातून तीन उदबत्त्या आणून लावल्या. आणि पलंगावर पुस्तक घेऊन बसले. कुठलं ते आठवत नाही, पण उलटं होतं असं आत्या नंतर सांगायची.

साडेसहाला आत्या आली. दारातच थांबली. नाक वर केलं.

"कोण गेलं?"

"कोण कुठे गेलं? दिवाळी आहे ना, म्हणून उदबत्त्या."

"तीन?"

"एक तुझी, एक माझी, एक बाबांची."

"अस्सं. आणि बोटाला काय?"

"फुलबाजी."

"अंधार पडायच्या आधीच फुलबाजी. वा." आत्यानं पर्स खुंटीला लावली आणि घसा साफ केला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वरच्या खोलीत वायर जळाल्याचा वास येत आहे. संबंधितांनी तात्काळ नियंत्रण कक्षाशी..." बोलता बोलता ती पेटीकडे वळली.

"आत्या, उघडू नकोस!"

ती थांबली. मग मी एका दमात सगळं सांगितलं. शून्य नंबर, गाणं, सानिया, ड्रेस, कागद. आत्यानं पेटी उघडली. बोटानं चाक फिरवून बघितलं, इंजिन नाकाशी धरलं आणि फरशीवर बसली. स्टँडची साडी, पायात अजून चपला, मांडीवर इंजिन.

खालून बाबांनी हाक मारली, "वैजू! पाट मांडून बसलोय गं! भूक लागली!"

"दादा, पाच मिनिटं उशिरानं सुटेल," आत्या म्हणाली. पण हळू. बाबांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"आत्या, बोल ना काहीतरी," मी म्हटलं. "शास्त्रज्ञबाई तरी म्हण."

तिनं चाक परत एकदा फिरवून बघितलं. मला रडू फुटलं. मी माळ्यावरून काढलेल्या जुन्या साड्या कोपऱ्यातून ओढल्या आणि फळीवर टाकायला लागले. "मी परत कधी याला हात लावणार नाही. शप्पथ. सगळं गुंडाळून ठेवते. परत कधीच नाही हात लावणार."

"ती साडी खाली ठेव," आत्या म्हणाली.

मी ठेवली.

"आणि ते वाक्य माझं आहे. बारा वर्षं वापरलंय. तू दुसरं शोध."

ती उठली, कपाट उघडलं, साड्यांच्या घडीखालून एक काळी डबी काढली. जुन्या कॅमेऱ्याचे रोल ज्यात यायचे, तसली. झाकण उघडून तिनं ती माझ्या तळहातावर उपडी केली.

अर्ध्या करंगळीएवढा माणूस. टोपी, बटणांचा कोट, मिशा. कोट कधी काळी पांढरा असावा, आता तो पिवळट होता. उजवा हात कोपरापासून नव्हता.

"स्टेशनमास्तर!" मी म्हटलं. "हे इथे होते? मग रजा कसली?"

"सांगितलं की. वैद्यकीय." आत्या परत खाली बसली. "तू दीड वर्षाची होतीस. नुकती उभी राहायला शिकलेली. मी यांना फलाटावर चिकटवत होते, गोंद ओला होता. तू इथे, माझ्या शेजारी. खाली फोन वाजला. तेव्हा फोन जिन्याखाली असायचा. मी गेले. दोन मिनिटं."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"पाच," ती म्हणाली.

मी बघतच राहिले.

"बरं बाई, दहा. वर येऊन बघते तर तू फलाटाला धरून उभी, आणि मास्तर ड्यूटीवर नाहीत. तुझ्या खालच्या ओठावर हिरवा झेंडा चिकटलेला."

मी नकळत ओठावरून हात फिरवला. "मी... गिळले?"

"झेंड्याचा हात सोडून अख्खे. डॉक्टर म्हणाले, प्लास्टिक आहे, एक्स-रेत दिसणार नाही, वाट बघा. मी रोज लोकांना सांगते, गाडी येईल, येईल, जरा धीर धरा. ऐकणाऱ्याला कसं वाटतं ते त्या तीन दिवसांत कळलं."

"आणि मग?"

"तिसऱ्या दिवशी सकाळी आगमन झालं."

"शी! आत्या! आणि तू त्यांना माझ्या हातावर ठेवलंस!"

"दोनदा उकळलेत. आणि तूच शी म्हणतेस? त्यांनी म्हणायला हवं."

मी रडता रडता हसले, त्यामुळे नाकातून भलतंच काहीतरी झालं. आत्यानं पदर दिला. मग मी विचारलं, "आई खूप बोलली का तुला?"

"वहिनी एक शब्द बोलली नाही. दादाही नाही. बंद कर असं कुणीच म्हणालं नाही. मीच सगळं गुंडाळलं. म्हटलं, परत हात लावणार नाही." तिनं इंजिनाच्या चिमणीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. धूळ नव्हतीच. "तुझं पोट तिसऱ्या दिवशी बरं झालं होतं गं. बारा वर्षं हे कुणासाठी बंद ठेवलं, विचार मला."

"मग मला कधीच का नाही सांगितलंस?"

"तुला वाटलं असतं, तुझ्यामुळे बंद झालं."

"माझ्यामुळेच तर झालं."

"नाही. गिळलं तू. रजेचा अर्ज मी लिहिला."

"वैजू!" बाबा जिन्यापर्यंत आले होते. "ओवाळणी वाढवून हवीय का? असले डाव खेळू नकोस, मी उपाशी आहे!"

"आले रे भुक्कड!" आत्या ओरडली. या वेळी पार स्टँडपर्यंत गेलं असेल.

ओवाळून झाल्यावर तिनं येमुलकाकांना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"काका, मोटर गेली."

पलीकडून आवाज आला, "गुणगुणलं का?"

"गुणगुणलं."

"हां. माझंही पहिलं गुणगुणलंच होतं. मी तर शेजाऱ्यांना बोलावून ऐकवलं. म्हणून तर दोन रेघा मारल्या बाई. पोरगी रडत्येय काय?"

"नाही," मी म्हटलं. रडकं आलं ते.

तसली मोटर तीन दिवसांत मिळणं शक्य नव्हतं. पण काका म्हणाले, मोटर इंजिनातच पाहिजे असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? ते मोटर आणि चिप मागच्या डब्यात बसवून आणतील. इंजिन नुसतं पुढे मोकळं पळेल, डबा त्याला मागून ढकलेल. बघणाऱ्याला काय कळतंय! फक्त तात्यांच्या इंजिनातली जळकी मोटर आणि तिचं दातेरी चाक काढून ठेवायचं, म्हणजे चाकं सुटी फिरतील.

"म्हणजे आमच्या जुन्या स्कूटरसारखं," बाबा जेवता जेवता म्हणाले. "मी हँडल धरायचो, ढकलायची वैजू."

शुक्रवारी सकाळी आत्यानं इंजिन माझ्यासमोर ठेवलं आणि पेचकस पुढे केला. मी हात मागे घेतला.

"तू काढ ना," मी म्हटलं. "मला भीती वाटते."

"मला स्क्रू दिसत नाही."

"मग येमुलकाका काढतील."

"त्यांचे डोळे माझ्याहून जुने आहेत. मिठू, घे."

मिठू म्हणजे मी. लहानपणी मी पोपटासारखी बडबडायचे म्हणून तिनंच ठेवलेलं नाव. मग मध्ये मी बडबडेनाशी झाले, तरी ती तेच म्हणत राहिली होती. मी पेचकस घेतला. पहिल्या स्क्रूला बोटं इतकी थरथरली, की आत्या म्हणाली, "भूकंपमापक यंत्र म्हणून तुझा पुढच्या प्रदर्शनात नंबर येईल." दुसरा सहज निघाला. तिसरा काढताना मी तिला ड्रेसच्या गप्पा सांगत होते.

संध्याकाळी मी स्टेशनमास्तरांचं काम हाती घेतलं. मावळ्याच्या भाल्याची तार एवढीशी कापून हात केला आणि आईची हिरवी टिकली कातरून झेंडा. हात थोडा जास्तच वर गेला, त्यामुळे ते गाडीला निरोप देतायत की कुणाला हाणतायत ते कळत नव्हतं. पण पिवळ्या ठिपक्यावर बरोबर बसले.

रविवारी त्या हॉलमध्ये बारा फळ्या लागल्या. कुणाचं उसाचं शेत, कुणाचा घाट, कुणाची कापडगिरणी, आणि सातव्या क्रमांकावर आमची बाभूळवाडी. तात्यांचं इंजिन पहिल्या फळीवर उभं राहिलं. मागे येमुलकाकांचा तपकिरी डबा. काकांनी कंट्रोल आत्याकडे दिला, आत्यानं माझ्याकडे.

"मी?"

"पुकारायचं काम मी रोज करते. आज तू पुकार."

मी नंबर दाबला. गाडी निघाली. आत्या हात मागे बांधून तिच्या बाजूनं चालायला लागली. पाचव्या फळीच्या जोडावर इंजिन अडखळलं, पुढची चाकं हवेत उचलली गेली. आत्याही थांबली. मी बटण अगदी केसभर कमी केलं. डब्यानं मागून हळूच रेटलं, इंजिन टक् करून रुळावर आलं आणि पुढे गेलं. बाभूळवाडीला मास्तरांनी झेंडा दाखवला. एरवी या फळीच्या टोकावरून ते इंजिन मागे फिरायचं, आज फिरलं नाही. आत्या उसाच्या शेताजवळून, गिरणीजवळून त्याच्याबरोबर गेली. बाराव्या फळीच्या टोकाला मी गाडी थांबवली. तिथून तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. एवढी मोठी बाई, माइकशिवाय बोलायला येत नसल्यासारखी. मग नुसता हात वर केला. पोहोचलं.

दुपारी गर्दी झाली. मी आमच्या फळीपाशी उभी राहून एका आजोबांना करंट, चिप, नंबर असं सगळं समजावत होते आणि पलीकडे आत्या मला वेडावून दाखवत होती. तेवढ्यात फळीच्या कडेवर एक छोटीशी मूठ दिसली. मग दोन वेण्या. मग दोन डोळे. दीड-दोन वर्षांची मुलगी टाचा उंचावून उभी होती. तिची आई मागे कुणाशी तरी फोनवर बोलत होती. मुलीनं हमालाकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं आणि मग तिचा हात सरळ स्टेशनमास्तरांकडे निघाला. तोंड आधीच उघडलेलं.

"ए!!"

आम्ही दोघी एकदम ओरडलो. सगळा हॉल वळून बघायला लागला. आत्या उसाच्या शेतावरून ओणवी होऊन हात पसरून तशीच थिजली होती. पण मी जवळ होते. मी त्या मुलीची मूठ अलगद धरली, तिच्यात कंट्रोलचं बटण दिलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हटलं,

"यांना नको हं बाळा. यांची एकही रजा शिल्लक नाही."